न थकणाऱ्या ग्रंथीचा माग

१७१८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या विज्ञान अकादमीने एका निबंधस्पर्धेचा निकाल सांगितला. प्रश्न दोन वर्षांपूर्वी दिलेला होता : मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींचा उपयोग काय? आलेले निबंध वाचून अहवाल मांडण्याचं काम मोंतेस्क्यू यांच्याकडे होतं. राज्यसत्तेच्या विभागणीवर लिहून पुढे जगभर गाजलेले तेच हे मोंतेस्क्यू. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. त्यांनी एकेक तर्क घेतला, तपासला, बाजूला ठेवला आणि बक्षीस कुणालाच देता येत नाही असा निर्वाळा दिला. एवढ्या खटपटीने जे हाती लागलं नाही ते एखादे दिवशी योगायोगाने लागेल, अशी आशा त्यांनी शेवटी बोलून दाखवली.

त्या ग्रंथी म्हणजे अधिवृक्क ग्रंथी, ॲड्रिनल. निरोगी माणसात एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. रोममध्ये बार्तोलोमेओ युस्ताकी यांनी १५६३ मध्ये त्यांचं पहिलं नीट वर्णन केलं. त्यांनी करवून घेतलेले शरीररचनेचे ताम्रपट मात्र दीडशे वर्षं अंधारात राहिले आणि १७१४ मध्ये कुठे छापले गेले. मधल्या काळात या ग्रंथी पोकळ पिशव्या आहेत आणि त्यांत काळं पित्त साठतं, असा समज रूढ झाला होता. त्यालाही कारण होतं. मृत्यूनंतर या ग्रंथीचा गाभा फार लवकर विरघळतो. विच्छेदनाला उशीर झाला की आत पोकळीच सापडते.

मला यातला एकच धागा धरायचा आहे. माणूस महिनोन्महिने, वर्षानुवर्षं ताणाखाली जगतो तेव्हा या ग्रंथीचं काय होतं? आज याचं उत्तर अगदी सहज दिलं जातं : ती थकते. हे उत्तर कुठून आलं ते पाहायला निघालं की दिसतं, ग्रंथी थकल्याचा पुरावा कुणालाच मिळालेला नव्हता. मिळत राहिली ती उलटीच गोष्ट, आणि तिच्याकडे पाहायला आपण पुष्कळ उशीर केला.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये टॉमस ॲडिसन नावाचे वैद्य होते. अबोल, कडक, आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी विलक्षण चिकाटीने उभे राहणारे. एका विचित्र पांडुरोगाचं मूळ शोधताना त्यांना काही मृतदेहांत अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या दिसल्या. १८४९ मध्ये त्यांनी त्याची पहिली वाच्यता केली आणि १८५५ मध्ये अकरा रुग्णांच्या हकिकती असलेलं छोटं पुस्तक काढलं. गळून गेलेला देह, क्षीण नाडी, बिघडलेलं पोट, आणि त्वचेवर चढत जाणारा काळसर तांबूस रंग. यातल्या अनेकांच्या ग्रंथी क्षयाने खाऊन टाकलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या, प्राणी मेले. ज्यांचा उपयोगच सांगता येत नव्हता त्या ग्रंथींवाचून जगता येत नाही, एवढं आता कळलं.

पण ॲडिसन यांचे रुग्ण ताणाने आजारी नव्हते. त्यांची ग्रंथी क्षयासारख्या रोगाने नष्ट केली होती. हा भेद पुढे पुसट होत गेला. ‘अशक्तपणा आणि अधिवृक्क’ ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली आणि उरलेलं सगळं गळून पडलं.

१८९४ च्या सुमारास हॅरोगेटचे वैद्य जॉर्ज ऑलिव्हर आणि लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर यांनी ग्रंथीचा अर्क कुत्र्याच्या शिरेत सोडला आणि रक्तदाब पाहता पाहता चढला. ही करामत ग्रंथीच्या आतल्या गाभ्याची होती, बाहेरच्या सालीची नव्हे. न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने आणि त्यांचे मदतनीस केइझो उएनाका यांनी १९०० मध्ये तो पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा केला, पार्क-डेव्हिस कंपनीने तो ‘ॲड्रिनॅलिन’ म्हणून विकायला काढला, आणि १९०४ मध्ये जर्मनीत तो प्रयोगशाळेत बनवताही आला. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी त्याला अर्थ दिला. कुत्रा भुंकला की पिंजऱ्यातल्या मांजराच्या रक्तात हा पदार्थ वाढतो; भीती, वेदना, संताप यांच्या क्षणी शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. १९१५ चं त्यांचं पुस्तक आजही वाचावं असं आहे. पण कॅनन यांचं मांजर काही मिनिटं घाबरत होतं. कुत्रा निघून गेला की प्रश्न मिटला. जिथे कुत्रा जातच नाही त्या आयुष्याचं काय, हे कॅनन यांनी ज्या गाभ्याचा अभ्यास केला त्यावरून कळणार नव्हतं.

उत्तर सालीत होतं. जगण्यासाठी लागते ती सालच, हे हळूहळू स्पष्ट होत गेलं. १९३० मध्ये प्रिन्स्टनच्या स्विंगल आणि फिफनर यांनी बैलांच्या ग्रंथींच्या सालीचा अर्क देऊन ग्रंथी काढलेली मांजरं जगवून दाखवली.

आता माँट्रियल. मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचा तरुण, जन्माने व्हिएन्नाचा, शिक्षणाने प्रागचा, उंदरांना बीजांडकोशाचे अर्क टोचत होता. नवं संप्रेरक शोधायचं होतं. उंदीर उघडले तेव्हा तीन बदल हटकून दिसले : अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, गळ्याखालचा थायमस आणि लसिका ग्रंथी आक्रसलेल्या, पोटात व्रण. नवं संप्रेरक सापडल्याचा आनंद फार टिकला नाही. दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचले तरी तेच, आणि फॉर्मॅलिन टोचलं तर अधिकच. मग त्याने थंडी दिली, शस्त्रक्रियेची इजा केली, दमेपर्यंत पळवलं, औषधांच्या मोठ्या मात्रा दिल्या. तेच तीन बदल.

प्रागमध्ये विद्यार्थी असताना सेल्येला एक प्रश्न पडला होता. प्राध्यापक पाच निरनिराळ्या आजारांचे रुग्ण दाखवत होते आणि प्रत्येकाचं वेगळेपण समजावत होते. त्याला मात्र ते पाचही जण सारखेच दिसत होते : ओढलेला चेहरा, जिभेवर थर, अन्नावरची वासना उडालेली. आजारी असण्याचंच एक रूप असतं की काय? उंदरांनी त्या जुन्या प्रश्नाला शरीर दिलं. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये त्याचं एक लहानसं पत्र छापून आलं. त्यात तीन टप्पे होते. पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत शरीर हादरतं. मग ते जुळवून घेतं, आणि अवयव जवळजवळ पूर्ववत दिसू लागतात. इजा चालूच राहिली तर एक ते तीन महिन्यांनी प्रतिकार संपतो आणि प्राणी मरतो.

हा तिसरा टप्पा म्हणजे आपल्या मागाचं वळण आहे. सेल्येने पुढे त्याला ‘शक्तिक्षय’ या अर्थाचं नाव दिलं आणि जुळवून घेण्याची ताकद प्रत्येकाला जन्मतः मोजूनमापून मिळते, खर्च झाली की संपते, अशी कल्पना मांडली. ही ताकद त्याला कधीच मोजता आली नाही. ज्या ग्रंथीला त्याने फुगताना पाहिलं होतं, तीच शेवटी रिकामी होते असं लोकांनी धरून घेतलं. सेल्येचं निरीक्षण अस्सल होतं आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण निरीक्षणापेक्षा त्याचं हे रूपक अधिक दूर गेलं.

त्या तीन बदलांनी अजाणता एका जुन्या, भयंकर चुकीवरही प्रकाश टाकला. तिथे थोडं थांबायला हवं.

युरोपात शरीररचना शिकली गेली ती गरिबांच्या देहांवर. ब्रिटनमध्ये १८३२ च्या कायद्याने गरीबगृहांत आणि रुग्णालयांत मेलेल्या, कुणी न नेलेल्या माणसांचे देह वैद्यक शाळांना मिळू लागले. आपल्याकडेही १९४९ चा मुंबई शरीररचना कायदा याच वाटेने गेला, बेवारस देह महाविद्यालयांकडे. या माणसांचं मरण बहुधा लांबलेलं असे : उपासमार, जुनाट संसर्ग, न संपणारं कष्टाचं आयुष्य. म्हणजे सेल्येचे उंदीरच. त्यांचा थायमस आक्रसलेला असणार, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या असणार. पण टेबलावर तेच देह येत असल्याने पाठ्यपुस्तकांनी तेच माप ‘नेहमीचं’ म्हणून नोंदवलं. पुढच्या काळात मोजलेली वजनं हेच सांगतात : अचानक मेलेल्या निरोगी माणसाची ग्रंथी साधारण चार ग्रॅमची, दीर्घ आजारानंतर रुग्णालयात मेलेल्याची सहाच्या आसपास.

मग निरोगी असताना झोपेतच अचानक मेलेली तान्ही मुलं विच्छेदनाला आली. त्यांचा थायमस नैसर्गिकपणे मोठा होता. वैद्यांना तो रोगट वाटला. व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी १८८९ मध्ये त्याला रोगाचं नावही दिलं, आणि फुगलेला थायमस श्वासनलिका दाबतो असा समज पसरला. १९०७ पासून अमेरिकेत मुलांच्या गळ्यावर क्ष-किरण सोडून थायमस आक्रसवायला सुरुवात झाली. हजारो मुलं, धडधाकट मुलंसुद्धा, खबरदारी म्हणून त्यातून गेली. १९३१ मध्ये ब्रिटनच्या चौकशी समितीच्या अहवालाने असा रोगच नाही असं म्हटलं, तरी किरण थांबायला आणखी काळ गेला. १९५० मध्ये डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांच्या जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या गळ्यावर हेच किरण सोडलेले आढळले. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी ही हकिकत एका निबंधात सांगितली आहे, आणि ती मला या सगळ्या इतिहासाचं मर्म वाटते. गरिबीने शरीरावर केलेली खूण आपण शरीराचा नियम समजलो, आणि ज्यांच्या शरीरावर ती खूण नव्हती त्यांना रोगी ठरवलं.

सालीतली संप्रेरकं वेगळी करण्याचं काम दरम्यान अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये ताडेउश राइखस्टाइन करत होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना अधिवृक्काचा अर्क टोचून उंचावर उडवलं जातंय, अशी एक अफवा पसरली आणि तिच्यामुळे अमेरिकन सरकारने या संशोधनाला जोर दिला. मर्क कंपनीत लुईस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तापासून केंडल यांचं ‘संयुग ई’ बनवलं. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी ते संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला दिलं. अंथरुणात कूस बदलता न येणारी ती काही दिवसांत चालत बाहेर पडली. १९५० चं नोबेल केंडल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांना मिळालं. ते संयुग म्हणजे कॉर्टिसोन.

कॉर्टिसोनने दोन गोष्टी शिकवल्या, आणि दोन्ही ‘थकलेल्या ग्रंथी’च्या कल्पनेविरुद्ध जातात. महिनोन्महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे गोल झाले, हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली, स्नायू वितळले, झोप उडाली, काहींची मनं भ्रमिष्ट झाली. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या गाठीमुळे होणारा जो आजार वर्णिला होता, तसंच चित्र. नुकसान सालीच्या संप्रेरकाच्या कमतरतेने नव्हे, अतिरेकाने होत होतं. दुसरी गोष्ट अशी की बाहेरून संप्रेरक मिळू लागल्यावर रुग्णाची स्वतःची ग्रंथी सुकली. कारण ती स्वतःच्या मर्जीने चालतच नाही. मेंदूतलं हायपोथॅलॅमस पीयूषिकेला सांगतं, पीयूषिका अधिवृक्काला सांगते, आणि रक्तात सालीचं मुख्य संप्रेरक, कॉर्टिसॉल, पुरेसं दिसलं की वरचे दोघेही गप्प होतात. हायपोथॅलॅमसमधला तो पहिला निरोप वाइली व्हेल यांनी १९८१ मध्ये मेंढ्यांच्या लाखो मेंदूंमधून वेगळा केला. हुकूम आला की ग्रंथी वाढते, हुकूम थांबला की सुकते. हुकूम वर्षानुवर्षं येत राहिला तर ती वर्षानुवर्षं बनवत राहते. दिवसाला साधारण दहा-वीस मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवणारी ही चिमुकली ग्रंथी गंभीर आजारात त्याच्या कितीतरी पट बनवून देते. मोडतात ती हाडं, धमन्या, झोप आणि आठवण. ब्रूस मॅकइवन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की उंदराच्या मेंदूत आठवणीशी जोडलेला भाग हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात धरून ठेवतो. तीन दशकांनी या साचत जाणाऱ्या झिजेला त्यांनी शास्त्रीय चौकट दिली.

मग हुकूम सोडतं कोण? सेल्येच्या मते कुठलीही इजा. जॉन मेसन यांनी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड संस्थेत माकडांवर याची कसून तपासणी केली. माकडांना उपाशी ठेवलं की कॉर्टिसॉल वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेसन यांनी तो प्रयोग बदलला. उपाशी माकडाला शांत खोलीत एकटं ठेवलं, म्हणजे शेजाऱ्याला खाताना पाहणं नको, आणि फळाची चव असलेल्या पण पोषण शून्य असलेल्या गोळ्या दिल्या. पोट तितकंच रिकामं, पण कॉर्टिसॉल वाढलं नाही. शरीर भुकेला नव्हे, डावलल्या जाण्याला उत्तर देत होतं. १९७१ मध्ये मेसन यांनी सेल्येच्या सिद्धान्तावर हा घाव घातला. मला हा प्रयोग विसाव्या शतकातल्या मोठ्या प्रयोगांत गणला जावा असा वाटतो. त्याला मिळायला हवी तेवढी कीर्ती मिळालेली नाही.

ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात हेच माणसांत दिसलं. सगळे पांढरपेशे, सगळ्यांना नियमित पगार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरीही मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराचे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले, आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वजा केले तरी बहुतेक फरक उरलाच. नंतरच्या अभ्यासात लाळेतलं कॉर्टिसॉल दिवसभर मोजलं. एरवी ते सकाळी उठल्यावर शिखरावर असतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत जातं. खालच्या श्रेणीतल्या लोकांत हा उतार सपाट होता. संध्याकाळ झाली तरी शरीर कामावरून सुटत नव्हतं.

इथे सोपं चित्र मात्र मोडतं, आणि ते मोडू द्यायला हवं. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल नेहमी चढलेलंच असतं असं नाही. व्हिएतनामहून परतलेल्या, मनावर आघात झालेल्या सैनिकांत ते काही अभ्यासांत कमी निघालं. २००७ मध्ये ग्रेगरी मिलर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकांचे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा काळाची भूमिका दिसली : ताण सुरू होतो तेव्हा पातळी चढते, आणि वर्षं उलटतात तशी ती नेहमीपेक्षाही खाली येऊ शकते. ताण आटोक्यात आणता येण्यासारखा आहे का, त्यात लाज आहे की भीती, यावरही ते ठरतं. ‘ग्रंथी थकते’ म्हणणारे या घसरणीकडे बोट दाखवतात. पण मेंदूने आपला हुकूम कमी केला असेल तर त्यासाठी ग्रंथीला दोष देता येत नाही.

थकलेल्या ग्रंथीचा बाजार मात्र जुना आहे. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात हेन्री हॅरोवर प्राण्यांच्या ग्रंथींपासून केलेल्या गोळ्या सौम्य अधिवृक्क-दुर्बलतेवर विकत होते. १९९८ मध्ये जेम्स विल्सन यांनी ‘ॲड्रिनल फटीग’ हे नाव चालवलं आणि इंटरनेटने ते जगभर नेलं. आता मराठी घरांतल्या मोबाइलवरही त्याच्या जाहिराती येतात. २०१६ मध्ये ब्राझीलच्या काडेजानी आणि कातेर यांनी ५८ अभ्यास तपासले आणि असा आजार सिद्ध झालेला नाही असा स्पष्ट निष्कर्ष काढला. अमेरिकेत अशी बारा पूरक औषधं प्रयोगशाळेत तपासली गेली, तेव्हा बाराही औषधांत थायरॉइडचं संप्रेरक सापडलं आणि निम्म्याहून अधिकांत स्टिरॉइड. म्हणजे थकव्यावर घेतलेली गोळीच ग्रंथीला गप्प करू शकते.

यात थकलेल्या माणसाचा थकवा खोटा ठरत नाही. तो खरा असतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या मूत्रपिंडावर बसलेलं नसतं. ते कामाच्या पाळ्यांच्या वेळापत्रकात, कर्जाच्या हप्त्यांत, घरातल्या आजारपणात, वरिष्ठाच्या वागणुकीत असतं. कधी रक्तक्षयात किंवा थायरॉइडमध्ये. ग्रंथीवर बोट ठेवलं की बाकी सगळ्यांची सुटका होते, म्हणून मला हे निदान अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे अधिवृक्काचे खरे रुग्ण वेगळेच असतात. ॲडिसन यांच्या रुग्णांसारखा क्षयाने ग्रंथी गमावलेला माणूस भारतात आजही भेटतो. आणि त्याहून कितीतरी अधिक संख्येने असतात ते सांधेदुखीवर, दम्यावर, चट्ट्यांवर दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडची गोळी वर्षभर घेतलेले लोक. चेहरा गोल, हातपाय काटकुळे, आणि आतली ग्रंथी सुकलेली. असा माणूस गोळी एका दिवसात बंद करतो, मग त्याला ताप येतो किंवा उलट्या लागतात, आणि शरीर जास्तीचं कॉर्टिसॉल मागतं तेव्हा द्यायला काही नसतं. रक्तदाब कोसळतो, शुद्ध हरपते. अशी गोळी काही आठवडे रोज घेतली असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायची, आणि दवाखान्यात गेल्यावर ती घेत होतो हे आधी सांगायचं. वजन उतरतंय, मिठाची ओढ लागलीय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय आणि हिरड्या किंवा तळहाताच्या रेषा काळवंडत आहेत, असं एकत्र दिसलं तर सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि सोबत रक्तातलं सोडियम तपासून घ्यायचं. ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेतूनही करून मिळते.